वाचकांचे प्रश्न : एकच लस तीन-तीनदा कशाला?

या वेळच्या टपालात लसीकरणावरचे प्रश्न सर्वांत जास्त होते. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरांतली वयं सरकारी वेळापत्रकातली आहेत. खासगी दवाखान्यात थोडाफार फरक दिसेल.

प्रश्न : बाळ दीड महिन्याचं झालं तेव्हा उपकेंद्रात एकाच दिवशी तीन इंजेक्शनं दिली आणि वर दोन डोस तोंडावाटे पाजले. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा जिवावर एवढा मारा कशाला? शिवाय तीच पेंटाव्हॅलंट बाळ अडीच आणि साडेतीन महिन्यांचं झाल्यावर पुन्हा द्यायची म्हणे. एकदाच जास्त देऊन का टाकत नाहीत? – एक आई, तासगाव

उत्तर : आधी काय दिलं ते पाहू. डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट ०.५ मिली, उजव्या मांडीत न्यूमोनियावरची न्यूमोकोकलची लस ०.५ मिली, उजव्या दंडावर पोलिओचं इंजेक्शन कातडीतल्या कातडीत ०.१ मिली. तोंडावाटे पोलिओचे दोन थेंब आणि जुलाबावरची रोटाव्हायरसची लस. कागदावर यादी मोठी दिसते. पण जन्मल्यापासून काही दिवसांतच बाळाच्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू वस्तीला येतात आणि त्या सगळ्यांशी त्याचं शरीर जुळवून घेत असतं. त्या मानाने ही पाच नावं फार नव्हेत. इंजेक्शनं वेगवेगळ्या जागी देतात त्यामागेही कारण आहे : दुसऱ्या दिवशी मांडी सुजली तर ती कुठल्या लशीने, हे कळावं.

आता एकदाच जास्त का नाही? त्यासाठी डाव्या मांडीत काय चाललंय ते बघावं लागेल. पेंटाव्हॅलंटमध्ये घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब (मेंदूज्वर-न्यूमोनिया करणारा एक जिवाणू) अशा पाच रोगांच्या जंतूंचे घटक असतात आणि ते ॲल्युमिनियमच्या क्षाराच्या बारीक कणांना चिकटवलेले असतात. हा क्षार तिथल्या पेशींना डिवचतो. म्हणूनच जागा लाल होते, दुखते. डिवचलेल्या जागी धावून आलेल्या काही पेशी लशीचे तुकडे गिळतात आणि ते घेऊन जांघेतल्या गाठीकडे जातात. पायाला जखम झाल्यावर जांघेत ‘अवधाण’ येतं ना, त्याच या गाठी. तिथे लाखो टी आणि बी पेशी, म्हणजे जंतू ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी, बसलेल्या असतात आणि प्रत्येकीला एकच आकार ओळखता येतो. आणलेल्या तुकड्याशी ज्या मोजक्या पेशी जुळतात, तेवढ्याच वाढू लागतात.

पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत या बी पेशी प्रतिपिंडं, म्हणजे जंतूला धरून निकामी करणारी प्रथिनं, सोडायला लागतात, पण ती सैल पकडीची असतात. खरं काम गाठीत नंतर चालतं. बी पेशी वाढताना त्यांच्या प्रतिपिंडांत छोटे बदल होत राहतात. ज्यांची पकड घट्ट बसते त्या टिकतात, बाकीच्या मरतात. सुपात धान्य पाखडावं तसं हे आठवडेच्या आठवडे चालू असतं. शेवटी उरलेल्यांपैकी काही हाडांच्या मगजात जाऊन वर्षानुवर्षं प्रतिपिंडं बनवत बसतात, काही स्मृतिपेशी होऊन फिरत राहतात.

बाळाचं हे पाखडणं अजून कच्चं असतं. पहिल्या डोसनंतर हाती लागतं ते थोडं आणि लवकर ओसरणारं. दुसरा डोस आला की नव्याने सुरुवात होत नाही. उरलेल्या स्मृतिपेशी उचलून त्यांचंच पुन्हा पाखडणं होतं. पहिल्या डोसमध्ये तिप्पट लस घातली तरी ही दुसरी फेरी मिळत नाही, फक्त सूज वाढते. आणि दोन डोसांत निदान चार आठवडे हवेत, कारण आधीची फेरी चालू असताना लस टोचली तर रक्तात फिरणारी ताजी प्रतिपिंडंच ती धरून निकालात काढतात.

मग बाळ थोडं मोठं झाल्यावरच का सुरू करत नाहीत? डांग्या खोकला जीव घेतो तो बहुतेक पहिल्या काही महिन्यांत. कच्च्या वयात कमी उठाव मिळतो हे माहीत असूनही दीड महिन्याला सुरुवात करतात आणि भरपाई दीड-दोन वर्षांच्या बूस्टरने करतात. म्हणून तो बूस्टर ‘वरचा’ समजून सोडू नका.

प्रश्न : बारावी सायन्सला आहे. पुस्तकात लशींचे प्रकार दिलेत, पण पाठ करूनही डोक्यात राहत नाहीत. – एक विद्यार्थिनी, अमरावती

उत्तर : पाठ करू नका. प्रत्येक लशीला एकच प्रश्न विचारा : हिने शरीराला नेमकं काय दाखवलं? डोस किती, बर्फ चालतो का, कुणाला द्यायची नाही, हे सगळं त्या उत्तरातून निघतं.

जिवंत पण दुबळा केलेला जंतू दाखवला, तर तो शरीरात थोडाफार वाढतो आणि खऱ्या संसर्गासारखंच शिक्षण देतो. बीसीजी, गोवर-रुबेला, पोलिओचे थेंब, रोटाव्हायरस, कांजिण्या या अशा लशी. थोडक्या डोसांत काम भागतं, पण जंतू वाढणारा असल्यामुळे गरोदर बाईला किंवा केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला साधारणपणे देत नाहीत. पोलिओच्या थेंबांचं वैशिष्ट्य म्हणजे ते आतड्याच्या अस्तरातच पहारा बसवतात. इंजेक्शन रक्तात पहारा बसवतं : लकवा टळतो, पण विषाणू आतड्यात वाढून शौचावाटे बाहेर पडू शकतो. मग थेंबच का पुरत नाहीत? कारण लसीकरण कमी असलेल्या वस्तीत थेंबांतला दुबळा विषाणू माणसामाणसांतून फिरत क्वचित पुन्हा ताकद धरतो. म्हणून दोन्ही. विषाणूचा टाइप २ निसर्गातून संपल्यावर एप्रिल २०१६ पासून थेंबांतून तो काढूनच टाकला.

मारलेला जंतू वाढत नाही, म्हणून डोस जास्त. रेबीजची लस, पोलिओचं इंजेक्शन आणि कोव्हॅक्सिन या रांगेत बसतात.

धनुर्वात आणि घटसर्पात माणूस जंतूमुळे मरत नाही, त्याच्या विषामुळे मरतो. म्हणून फॉर्मालिनने निकामी केलेलं विष, म्हणजे टॉक्सॉइड, दाखवतात. इथे एक मजेशीर गोष्ट आहे : धनुर्वात होऊन वाचलेल्या माणसालाही ही लस द्यावीच लागते. ते विष इतकं जहाल असतं, की जीव धोक्यात घालणारी मात्रासुद्धा शरीराला ओळख पटवण्याइतकी मोठी नसते. रोगाने जे शिकवलं नाही ते लस शिकवते.

जंतूचा एकच तुकडा दाखवायचा, तर तो किण्वात बनवता येतो. कावीळ-ब ची लस म्हणजे विषाणूच्या वरच्या कवचाचं एक प्रथिन. ब्रेडच्या यीस्टसारख्या किण्वाकडून बनवून घेतलेलं. त्यात विषाणू नसतोच.

सगळ्यांत हुशारीची मला संयुग्म, म्हणजे कॉन्ज्युगेट लस वाटते. हिब आणि न्यूमोकोकस यांच्या अंगावर साखरेचं आवरण असतं. नुसती साखर दाखवली तर दोन वर्षांखालच्या मुलाचं शरीर ढिम्म हलत नाही, कारण टी पेशींना प्रथिनं दिसतात, साखर दिसत नाही. आणि टी पेशी मदतीला आल्या नाहीत तर वर सांगितलेलं पाखडणं होतच नाही. उपाय असा, की साखर एखाद्या प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडायची, उदाहरणार्थ धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला. बी पेशी साखर ओळखून सगळं गिळते, आतलं प्रथिन टी पेशीला दाखवते आणि मदत मिळवते. टायफॉइडची जुनी साखरेची लस दोन वर्षांनंतर देत. नवी कॉन्ज्युगेट सहा महिन्यांनंतर देता येते, ती याच युक्तीमुळे.

उरल्या निरोप देणाऱ्या लशी. यांत तुकडा नसतो, तो बनवण्याची कृती असते. कोव्हिशील्डमध्ये ती चिंपांझीच्या, माणसात न वाढणाऱ्या ॲडेनोव्हायरसमधून धाडली. अहमदाबादच्या झायकोव्ह-डी मध्ये डीएनएवर, तर पुण्याच्या जिनोव्हाने बनवलेल्या जेमकोव्हॅकमध्ये एमआरएनएवर. ही शेवटची कोरडी पूड असल्यामुळे साध्या २ ते ८ अंशांत राहते.

प्रश्न : जन्मल्यावर डाव्या दंडावर टोचलं होतं. महिन्याने तिथे फोड येऊन पू झाला आहे. कोणतं मलम लावावं? – एक वडील, चिपळूण

उत्तर : कोणतंही नाही. ती क्षयाची लस, बीसीजी, अशीच पिकते. टोचल्यावर दोन-तीन आठवड्यांनी गाठ येते, ती फुटून छोटी जखम होते, खपली धरते आणि काही आठवड्यांत वण राहतो. दाबू नका, शेकू नका, हळद भरू नका. अंघोळ घातली तरी चालते, फक्त नंतर टिपून कोरडं करा. काखेतली गाठ मोठी होत चालली किंवा ती मऊ पडून फुटली, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. लस कातडीत राहण्याऐवजी खाली गेली की असं होऊ शकतं. वण उठलाच नाही म्हणून लस पुन्हा टोचायची गरज नसते. ही लस लहान मुलांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून वाचवते. मोठेपणी होणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयावर तिचा भरवसा कमी.

प्रश्न : कावीळ-ब ची लस मेडिकलमधून आणली आणि चुकून रात्रभर फ्रीझरमध्ये राहिली. सकाळी पाहिली तर गोठली होती, आता वितळली आहे. टोचून घेऊ का? – एक वाचक, नांदेड

उत्तर : नको. टाकून द्या, म्हणजे दवाखान्यात परत नेऊन द्या. लस उन्हाने खराब होते हे सगळ्यांना माहीत असतं, पण बर्फानेही होते हे फार कमी जणांना ठाऊक असतं. ॲल्युमिनियमचा क्षार असलेल्या लशी, म्हणजे कावीळ-ब, पेंटाव्हॅलंट, त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात), टीडी (धनुर्वात आणि घटसर्प), न्यूमोकोकल, या गोठल्या की क्षाराचे कण एकमेकांना चिकटून गोळे होतात. वितळल्यावर ते सुटत नाहीत. लशीची ताकद जाते आणि टोचलेली जागाही जास्त सुजते.

हे डोळ्यांनी दिसतं. आरोग्य केंद्रात ‘शेक टेस्ट’ करतात ती अशी : त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम घट्ट गोठवून वितळवतात. ती आणि शंका असलेली कुपी एका हातात धरून जोराने हलवतात, मग टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून उजेडात बघतात. मुद्दाम गोठवलेलीत भुरभुर साका पटकन तळाशी बसतो आणि वर पाणी निवळतं. चांगली कुपी ताकासारखी सारखीच गढूळ राहते. शंका असलेली कुपी पहिलीसारखी वागली तर ती बाद. हे करणं घरी शक्य नाही, आणि तुमच्या बाबतीत तर गोठल्याचं तुम्ही स्वतः पाहिलंत.

कुपीवरच्या गोल चिन्हातला चौकोन पांढुरका आहे म्हणून फसू नका. ते चिन्ह फक्त उष्णता मोजतं, गोठणं त्याला कळत नाही. बाहेरच्या वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद चौकोन म्हणजे लस उष्णतेने गेली, एवढंच.

पुढच्या वेळी लस थेट दवाखान्यातच घ्या. आणावीच लागली तर बर्फाला चिकटवून आणू नका. आइसपॅक फ्रीझरमधून काढून हलवून पाहा. आत पाणी खुळखुळायला लागलं की मगच डब्यात घाला. फ्रिजच्या दारात ठेवू नका, मधल्या कप्प्यात ठेवा.

गोवर-रुबेला आणि बीसीजीची कोरडी पूड गोठली तर बिघडत नाही. पण तिच्यात द्रव मिसळला की घड्याळ सुरू होतं : चार तासांत वापरायची, नाहीतर फेकायची. त्यात जंतुरोधक नसतो, आणि आत शिरलेला जिवाणू तासांत वाढून बाळाच्या जिवावर बेतू शकतो. कुपी कधी कालवली ती वेळ तिच्यावर लिहिलेली असते. विचारायला लाजू नका.

प्रश्न : मुलीला नवव्या महिन्यात एमआर (गोवर-रुबेला) दिली होती, तरी सव्वा वर्षाची असताना गोवर निघाला. मग दुसरा डोस द्यायचा कशाला? – एक आई, भिवंडी

उत्तर : नऊ महिन्यांच्या शंभर मुलांपैकी साधारण ८५ मुलांतच ही लस लागू पडते. आईची प्रतिपिंडं नाळेतून बाळात आलेली असतात. महिन्यागणिक ती कमी होत जातात, पण काहींत नवव्या महिन्यालाही इतकी उरतात की लशीतला विषाणू वाढण्याआधीच मारतात. वर्षानंतर दिली तर ९५ मुलांत लागू पडते, पण आपल्याकडे तोवर थांबणं परवडत नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवर पसरला तेव्हा साथीच्या भागात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना जादा डोस द्यावा लागला होता. तो हिशेबात न धरता पुढचे दोन्ही द्यायचे असतात.

म्हणजे सोळा ते चोवीस महिन्यांतला डोस उजळणीचा नाही, उरलेल्या पंधरांसाठी दुसरी संधी आहे. तुमच्या मुलीलाही तो द्या. पुरळ रुबेलाचं किंवा दुसऱ्याच विषाणूचं असू शकतं, आणि रुबेलापासून संरक्षण तर हवंच. जीवनसत्त्व ‘अ’ दिलं होतं का तेही डॉक्टरांना विचारा : गोवरात एक वर्षापुढच्या मुलाला दोन लाख युनिटचे दोन डोस लागोपाठ दोन दिवस देतात. गोवराचा विषाणू स्मृतिपेशींनाच लागतो आणि आधी मिळवलेली प्रतिकारशक्ती पुसतो, त्यामुळे पुढचे काही महिने अशी मुलं इतर आजारांना पटकन बळी पडतात.

प्रश्न : लस द्यायच्या आधीच तापाचं औषध देऊन ठेवलं तर? – एक आजी, कोल्हापूर

उत्तर : आधी नको. ताप आला आणि बाळ किरकिरं झालं तरच द्या. आधी पाजल्याने प्रतिपिंडं थोडी कमी तयार झाल्याचं अभ्यासात दिसलं आहे. पॅरासिटामॉलची मात्रा वजनावर ठरते, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तास. खरी चूक बाटलीची होते. थेंबांच्या बाटलीत १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, तर नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलीत १२५. साडेचार किलोच्या बाळाला ६० मिलिग्रॅम म्हणजे थेंबांचे ०.६ मिली किंवा सिरपचे २.४ मिली. सिरपचं माप थेंबांच्या बाटलीतून भरलं तर चौपट औषध जातं. मात्रा नर्सताईंकडून कार्डावर लिहून घ्या आणि कुठल्या बाटलीची तेही लिहायला सांगा. टोचलेली जागा चोळू नका, गार ओली घडी ठेवा. ताप दोन दिवसांपुढे गेला, बाळ सलग तीन तासांहून जास्त किंचाळून रडलं किंवा झटका आला तर लगेच दाखवा.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलाच्या पोटरीला भटक्या कुत्र्याने चावून रक्त काढलं. सरकारी रुग्णालयात दोन्ही दंडांवर टोचलं आणि वर जखमेतच आणखी इंजेक्शनं दिली. मूल फार रडलं. लस दिली होती तर जखमेत सुया खुपसायची काय गरज होती? – एक वाचक, परभणी

उत्तर : दंडावर दिली ती लस, जखमेत दिलं ते सीरम. दोन्हींचं काम निराळं आहे. लशीने स्वतःची प्रतिपिंडं बनायला एक-दोन आठवडे लागतात. तोवर जखमेत शिरलेला विषाणू नसेत घुसू शकतो आणि तिथून मेंदूच्या वाटेला लागतो. सीरम म्हणजे घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून काढलेली तयार प्रतिपिंडं. ती जखमेत भरतात, कारण विषाणू तिथेच असतो. कमरेत दिली तर रक्तात पातळ होऊन जातील. घोड्याचं सीरम किलोला ४० युनिट, माणसाचं २०. मूल २२ किलोचं असेल तर घोड्याचं ८८० युनिट. हे एकदाच देतात, आणि लशीचा पहिला डोस होऊन सात दिवस उलटले की देत नाहीत, कारण तोवर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं येऊ लागतात.

लस आता तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, प्रत्येक वेळी दोन्ही दंडांवर ०.१ मिली कातडीत. दिवस मोजायचे ते पहिल्या डोसपासून. तो शून्य दिवस. पोटातली चौदा इंजेक्शनं मेंढीच्या मेंदूपासून केलेल्या जुन्या लशीची होती, ती भारतात २००५ पासून बंद आहे. आणि पुन्हा कधी कुत्रा चावला तर सगळ्यांत आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. मिरची, चुना, तेल काही नको. हा कोर्स पूर्ण झालेला असेल तर पुढच्या वेळी सीरम लागत नाही, शून्य आणि तिसऱ्या दिवशी लस पुरते. म्हणून ही चिठ्ठी जपून ठेवा.

प्रश्न : आमच्या पिढीच्या दंडावर देवीचे वण आहेत. नातवंडांना का टोचत नाहीत? – एक ज्येष्ठ वाचक, वाई

उत्तर : कारण रोगच उरला नाही. भारतातला शेवटचा रुग्ण मे १९७५ मधला; १९८० मध्ये जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. मुंबईत ही लस पहिल्यांदा टोचली ती १४ जून १८०२ रोजी, तीन वर्षांच्या एका मुलीला. तेव्हा शीतपेटी नव्हती. एकाच्या दंडावरच्या फोडातलं पाणी काढून दुसऱ्याला टोचायचं, अशी ती हातोहात पुढे जाई. जखमेतून झिरपणाऱ्या पाण्याला आपण ‘लस’च म्हणतो.

प्रश्न : बाळंतपणानंतर माहेरी राहिले, बाळाचा तिसरा पेंटाव्हॅलंट चार महिने लांबला. पहिल्यापासून सुरू करायचं का? – एक आई, सिन्नर

उत्तर : नाही. स्मृतिपेशी चार महिन्यांत विसरत नाहीत. थेट तिसरा द्या, त्याच दिवशी राहिलेले बाकीचे डोसही घेता येतील. रोटाव्हायरस मात्र वयाने एक वर्षापर्यंतच देतात, तेवढं बघा. जाताना कार्ड न्या. हरवलं असेल तर ज्या उपकेंद्रात आधीचे डोस झाले तिथल्या आशाताईंना सांगून नोंदवहीतून तारखा काढून घ्या.